६० स्वयंसेवक, १५ हजारांचं बजेट आणि ५ डिसेंबर: ट्रॉफ्यांची ऑर्डर देण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधली संस्था, वस्तीत अभ्यासिका चालवते, एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांकडे आठवड्याला एक चक्कर आणि सरकारी योजनांचे फॉर्म भरून देणं अशी कामं आहेत, साधारण ६० स्वयंसेवक, ५ डिसेंबरला जागतिक स्वयंसेवक दिन म्हणून संध्याकाळी सत्कार ठेवायचाय, १५ हजार मंजूर झालेत. तर ट्रॉफी द्यावी, शाल-श्रीफळ द्यावं का नुसतं सर्टिफिकेट, आणि पाहुणे म्हणून कोणाला बोलवावं?

मी पुण्यात अशाच एका संस्थेत १७ वर्षं स्वयंसेवकांचं काम बघतेय, आणि यातल्या जवळपास सगळ्या चुका मी स्वतः करून बसलेय, त्यामुळे सरळच सांगते. ट्रॉफी नको. शाल-श्रीफळ तर अजिबात नको. सर्टिफिकेट ज्यांना लागतं त्यांनाच. पाहुणे नकोत. आणि ५ डिसेंबरची संध्याकाळ तर नकोच नको. आता का ते सांगते, लांबलचक होणारे, चहा घेऊन बसा.

आधी तारखेचं. हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली ठरवला, तो जगभर पाळतात, सगळं बरोबर. पण आपल्याकडे दुसऱ्या दिवशी ६ डिसेंबर असतो, महापरिनिर्वाण दिन. वस्तीत काम करणाऱ्या संस्थेला हे मी सांगायला नको खरं तर, पण आमच्याही डोक्यात पहिली तीन वर्षं आलं नव्हतं. ५ तारखेच्या संध्याकाळी आमच्या वस्तीतले निम्मे कार्यकर्ते दादरला चैत्यभूमीवर जायच्या तयारीत, काही जण तर तिथे पाणी वाटायला, रांगा सांभाळायला म्हणजे स्वयंसेवक म्हणूनच निघालेले, आणि आम्ही इकडे हॉलमध्ये बसून "आज काही जण येऊ शकले नाहीत" म्हणत त्यांच्या ट्रॉफ्या टेबलावर रांगेत मांडून ठेवलेल्या. चौथ्या वर्षी एका पोराने विचारलं, ताई, तुम्ही मुद्दाम हाच दिवस निवडता का हो? तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आता आम्ही कोजागिरीला गच्चीवर जमतो. तुमची कोजागिरी गेली असेल तर संक्रांत ते रथसप्तमीमधला एखादा रविवार धरा, तिळगुळाचं निमित्त असतं, कोणाला वेगळं आमंत्रण द्यावं लागत नाही.

आता पाहुण्यांचं. एका वर्षी मोठा समारंभ केला, फ्लेक्स वगैरे लावून. पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले, तोवर ७० माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, वडापाव गार, लहान पोरं रडतायत, मग पाहुणे आले आणि त्यांनी त्यांच्याच कामाबद्दल चाळीस मिनिटं सांगितलं. म्हणजे ज्यांचं कौतुक करायचं त्यांनीच बसून दुसऱ्याला टाळ्या वाजवल्या. पण खरी चूक ती नव्हती. सूत्रसंचालन करणाऱ्याच्या हातातली यादी मी केलेली होती, आणि त्या यादीत एक मावशी राहिल्या. सहा वर्षं दर शनिवारी अभ्यासिकेतल्या मुलांसाठी खिचडी टाकायच्या, स्वतःच्या घरचा कुकर आणायच्या, आमच्या मोठ्या कुकरची शिट्टी बिघडलेली म्हणून. सगळ्यांची नावं झाली, फोटो झाला, मावशी मागे उभ्या राहून ताटं मोजत होत्या. मला घरी गेल्यावर रात्री साडेअकराला आठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली, त्या हसल्या, "अगं राहू दे, मी काय नावासाठी करते का" म्हणाल्या, चहा केला. पुढचे दोन शनिवार आल्या आणि मग गुडघ्याचं कारण सांगून बंद झाल्या. गुडघे दुखतच होते म्हणा. पण मला माहितीये.

म्हणून मी म्हणते, यादी वाचायचा कार्यक्रम करूच नका. यादीत माणूस राहतोच. आणि जो राहतो तो नेमका मागे उभा राहून काम करणारा असतो, पुढे बसणाऱ्याचं नाव कधी राहत नाही.

शाल-श्रीफळाचं तर हसूच येतं. एका वर्षी ४२ नारळ आणले, पुढचे पंधरा दिवस सगळ्यांच्या घरी नारळाच्या वड्या. आमच्याकडे एक रिटायर्ड सर आहेत, त्यांच्याकडे वेगवेगळ्या संस्थांच्या अकरा शाली जमल्या होत्या, ते थंडीत त्या पिशवीत घालून आमच्याकडेच घेऊन आले, म्हणे वाटपात घ्या. त्यातल्या दोन आम्हीच दिलेल्या.

बरं, आता मुद्द्याचं. आपल्याकडे आभार मानण्याची एक अडचण आहे आणि ती बाहेरून आलेल्या ट्रेनिंगमध्ये कोणी सांगत नाही. तिथे सांगतात, प्रत्येक वेळी थँक्यू म्हणा, मनापासून म्हणा, लगेच म्हणा. आता आमच्या काकांना तुम्ही प्रत्येक वेळी "धन्यवाद काका" म्हणालात तर तिसऱ्या वेळी ते म्हणणार, "मला परकं समजतेस का गं?" घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत, मानले तर त्याला पाहुणा केल्यासारखं होतं, हे आपल्या हाडात आहे. आणि याचाच दुसरा टोकाचा गैरफायदा आपण संस्थावाले घेतो. "आपलेच आहेत, त्यांना काय सांगायचं" असं म्हणून वर्षानुवर्षं काहीच बोलत नाही, आणि वर्षातून एकदा अपराधी वाटून ट्रॉफी देतो.

मग करायचं काय, तर त्या माणसाने केलेल्या कामाचं पुढे काय झालं हे त्याला सांगायचं. बस. १७ वर्षांत मला यापेक्षा जास्त काम करणारी दुसरी गोष्ट सापडली नाही.

एक उदाहरण देते. आमचे एक काका, बँकेतून निवृत्त, फॉर्म भरायला बसतात. श्रावणबाळ योजनेचे अर्ज जास्त असतात, ६५ च्या वरचे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, आणि मंजूर झालं की महिन्याला १५०० रुपये. तुम्ही हेच काम करता म्हणजे तुम्हाला माहितीये हे कसं चालतं, फॉर्म भरणं अर्ध्या तासाचं काम आणि त्याआधी आणि नंतर तीन-चार महिन्यांची पायपीट. एका आजींचं आधारवर नाव वेगळं, रेशनकार्डावर वेगळं, बोटांचे ठसे उमटेनात म्हणून सेतू केंद्रातून परत, तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेत, म्हणजे जिथे हे अर्ज बघतात तिथे, काका स्वतः पाच वेळा जाऊन आले, भर मे महिन्यात. अर्ज गेला. मग काका दुसऱ्या अर्जाला लागले. आजींची केस आमच्या स्टाफमधल्या ताईंकडे होती, पावसाळ्यानंतर कधीतरी पैसे जमा झाले, ताईंनी रजिस्टरमध्ये "मंजूर" लिहिलं आणि विषय संपला. काकांना कोणी सांगितलंच नाही. जवळजवळ सात महिन्यांनी काकाच मला बोलता बोलता म्हणाले, "त्या आजींचं काही झालं नाही ना शेवटी?" म्हणजे सात महिने हा माणूस आपली पाच चक्करं फुकट गेली असं समजून दर मंगळवारी येऊन नवे फॉर्म भरत होता. मी त्यांना तिथल्या तिथे स्कूटरवर बसवून आजींकडे घेऊन गेले. आजींनी पासबुक काढलं, एन्ट्रीवर बोट ठेवून दाखवलं, आणि पत्र्याच्या डब्यातून दोन बिस्किटं काढून काकांच्या हातावर ठेवली. काका परत येताना एक शब्द बोलले नाहीत. आता ते ७४ वर्षांचे आहेत आणि अजून येतात, आणि मला खात्री आहे त्यांना आम्ही कधी काय ट्रॉफी दिली ते त्यांच्या लक्षातसुद्धा नसणार.

त्यानंतर आम्ही एक वही घातली. साधी शंभर पानी, दुकानातली. तिला सगळे "काय झालं वही" म्हणतात. स्टाफपैकी ज्याला जे कळेल ते एका ओळीत लिहायचं: तारीख, कोणी काय केलं होतं, त्याचं पुढे काय झालं. शेवटच्या रकान्यात "सांगितलं का" आणि सांगणाऱ्याची सही. उदाहरणार्थ, इंग्रजी शिकवायला येणाऱ्या दादाकडे शिकणारा सातवीतला मुलगा पहिल्यांदा वर्गात उभा राहून वाचला. रक्ताच्या तपासणीला जिच्यासोबत एक ताई गेली होती तिची शुगर आटोक्यात आली. दर सोमवारच्या मीटिंगमध्ये पहिली दहा मिनिटं फक्त ही वही, आणि "सांगितलं का" चा रकाना रिकामा असेल तर तिथेच फोन लावायचा. फोन दोन मिनिटांचा. सगळ्या बातम्या चांगल्याच असतात असं नाही. एक मूल शाळा सोडून वीटभट्टीवर गेलं, एक आजोबा वारले, तेही सांगायचं. उलट तेच आधी सांगायचं, कारण ज्या आजोबांकडे बाई दर गुरुवारी जात होत्या ते आजोबा गेल्याचं त्यांना पुढच्या गुरुवारी दाराला कुलूप बघून कळलं तर तुमची सगळी सर्टिफिकेटं चुलीत घालायच्या लायकीची.

ग्रुपवर लिहायचं का? आमचा अनुभव असा की व्हॉट्सॲप ग्रुपवर "सर्वांचे खूप खूप आभार" टाकलं की खाली साठ नमस्कार येतात आणि कोणालाच काही मिळत नाही. एकट्याला फोन, नाहीतर एकट्याला व्हॉइस नोट. आणि ग्रुपवर मुलांचे फोटो टाकून "आमच्या ताईंचं कार्य" असलं तर अजिबातच नको, ती मुलं कौतुकाची सजावट नाहीयेत.

यावरून आठवलं, एकदा आम्ही "महिन्याचा स्वयंसेवक" चालू केलं होतं. कंपन्यांमध्ये असतं तसं, बोर्डावर फोटो. पाच महिने टिकलं. पहिल्या महिन्यात मजा, दुसऱ्या महिन्यात "तिला का, मी का नाही" असं कोणी तोंडाने बोललं नाही पण तास लिहायच्या रजिस्टरमध्ये अचानक सगळ्यांचे तास वाढले, अर्ध्या तासाचा एक तास व्हायला लागला. चौथ्या महिन्यात दोन मैत्रिणी वेगवेगळ्या वारी यायला लागल्या. पाचव्या महिन्यात मी बोर्ड उतरवला. माझं मत स्पष्ट आहे, स्वयंसेवकांत नंबर लावू नका.

आणि एक, जे कोणी कौतुकात धरत नाही. माणूस वेळ काढून येतो तेव्हा काम तयार पाहिजे. एक मुलगी हडपसरहून दोन बस बदलून शनिवारी यायची, आणि आमच्याकडे अभ्यासिकेची किल्ली ज्याच्याकडे तो अर्धा तास उशिरा. ती पायरीवर बसून. आत गेल्यावर खडू नाही. असं तीनदा झालं की ती येणार नाही, आणि का येत नाही हे सांगणारही नाही, "कॉलेजचं सबमिशन आहे" म्हणेल. किल्ली वेळेवर, खडू जागेवर, आज कोणत्या तीन मुलांना काय घ्यायचं त्याची चिठ्ठी, बसायला मोठ्या माणसाची खुर्ची. हो, खुर्ची. आमच्याकडे कित्येक वर्षं साठीचे लोक बालवाडीच्या स्टुलावर बसत होते आणि आम्ही त्यांना स्मृतिचिन्हं देत होतो.

तसंच बसभाड्याचं. ज्यांना परवडतं ते घेणार नाहीत, पण ज्यांना परवडत नाही ते मागणारही नाहीत. त्यामुळे विचारत बसू नका, "लागेल तर सांगा" हे म्हणजे नाही म्हणण्याचा सभ्य प्रकार झाला. आम्ही महिन्याच्या शेवटी सगळ्यांना सरसकट प्रवासखर्चाचा कागद देतो, ज्याला नको तो त्यावर "देणगी" लिहून परत करतो. मग घेणाऱ्याला ओशाळं वाटत नाही.

सर्टिफिकेट विद्यार्थ्यांना मात्र खरोखर लागतं, त्यात नाक मुरडू नका. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) मुलांना वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० भरावे लागतात, त्यांना कॉलेजने सांगितलेल्या तारखेच्या आत लेटरहेडवर तासांचं पत्र हवं असतं आणि आपण त्यांना "सही करणाऱ्या मॅडम गावाला गेल्यात" सांगतो. वेळेवर द्या. नावाचं स्पेलिंग त्याच्या मार्कशीटवरून बघून घ्या. आणि "यांनी उत्साहाने सहभाग घेतला" असलं गुळमुळीत लिहू नका, "जून ते फेब्रुवारी, दर शनिवारी, पाचवीच्या ८ मुलांना अपूर्णांक शिकवले" असं लिहा. एका मुलीला एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर कोर्सच्या, इंटरव्ह्यूला नेमकं त्याच ओळीवर विचारलं, अपूर्णांक कसे शिकवलेस म्हणून, आणि ती भाकरीचे तुकडे करून शिकवायची ते तिने सांगितलं. ॲडमिशन झाल्याचा पहिला फोन मला आला. आईला नंतर!

आता जे बोलायला जरा अवघड जातं ते. तुमच्या ६० च्या यादीत वस्तीतली किती माणसं आहेत? मी आमची यादी एकदा नीट बघितली तर कोथरूड, सहकारनगर, बाणेर असे सुखवस्तू भागांतले सगळे, आणि वस्तीतलं एकही नाव नाही. पण अभ्यासिकेची खोली ज्या बाईने तिच्या घराचा पुढचा भाग रिकामा करून दिली ती कोण? संध्याकाळी पोरं गोळा करून आणणारी, भांडण झालं की दोन्ही घरी जाऊन मिटवणारी, आम्ही गेलो की कुत्री हाकलणारी? ती आमच्या रेकॉर्डला "लाभार्थी" होती. तिच्या दोन मुली अभ्यासिकेत येतात म्हणून. म्हणजे बाणेरहून आठवड्याला दोन तास येणारी ती स्वयंसेवक, आणि रोज तीन तास देणारी ती लाभार्थी. फ्लेक्सवरही तसंच, देणारे हसतायत आणि घेणारे हात पुढे करून. हे लक्षात आल्यावर आम्ही यादी नव्याने केली, वस्तीतल्या २३ जणी आणि जण त्यात आले. पण त्या बाईंना नुसतं यादीत घेऊन काय उपयोग, म्हणून अभ्यासिकेची वेळ, सुट्ट्या, कोणत्या पोराला आधी घ्यायचं हे ठरवायच्या मीटिंगला त्यांना बोलवायला लागलो. पहिल्याच मीटिंगला त्यांनी सांगितलं, सहाची वेळ चुकीची आहे, सहाला पाणी येतं, पोरींना भरायला लागतं, साडेसात करा. आम्ही चार वर्षं डोकं खाजवत होतो की मुली का गळतात. त्या बाईंना आम्ही शाल दिली असती तर हे कधीच कळलं नसतं.

स्टाफला विसरू नका हेही. तुमच्या ताई महिनाभर राबतात, तुटपुंज्या पगारात, आणि आठवड्याला दोन तास येणाऱ्याला गुलाबाचं फूल मिळतं तेव्हा ते फूल आणून पाण्यात ठेवायचं कामही त्याच करतात. त्यांच्या मनात काय येत असेल? आमच्या कोजागिरीला दूध आटवायचं काम स्टाफकडे नसतं, ते विश्वस्त करतात. एका वर्षी दूध तळाला लागलं, सगळ्यांनी करपट मसाला दूध प्यायलं, तरी तीच पद्धत ठेवलीये.

कंपन्यांचे ग्रुप येतात एका दिवसासाठी, एकसारखे टी-शर्ट घालून, भिंत रंगवायला. येऊ द्या, काही वेळा त्यातून चांगली माणसं कायमची मिळतात, आमचे दोन जण तसेच आलेत. फक्त त्या दिवशी त्यांच्यासाठी नाश्ता, बॅनर, मिनरल वॉटर आणि रोज येणाऱ्या काकांना "आज जरा बाहेर बसा" असं झालं तर काका ते विसरत नाहीत.

आणि थकलेल्या माणसाला सुट्टी द्या. जो कधी नाही म्हणत नाही त्याच्यावरच आपण काम टाकत जातो, हे त्याचं बक्षीस. आमच्याकडे आता प्रत्येकाला वर्षाला एक महिना न विचारता सुट्टी आहे, आणि कोणी कायमचं थांबत असेल तर त्याला "का सोडताय, थांबा ना" असं अडवायचं नाही, वहीतली त्याच्या नावाची सगळी पानं झेरॉक्स काढून हातात द्यायची. एक बाई मुलाकडे बंगलोरला जाताना ती पानं घेऊन गेल्या, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून.

तुमच्या १५ हजारांचं मी असं करीन. साडेतीन-चार हजार दूध किंवा तिळगूळ आणि बरोबर काहीतरी गरम, घरी केलेलं. चार-पाच हजारांत मिळून सहा चांगल्या खुर्च्या. पाच हजार प्रवासखर्चासाठी वेगळे काढून ठेवा, म्हणजे मार्चपर्यंत तरी कोणाला खिशातून घालायला नको. उरलेल्यात वह्या, खडू, आणि ६० पोस्टकार्डं. पोस्टकार्ड पन्नास पैशांचं, तीस रुपयांत काम होतं. प्रत्येकावर हाताने चार ओळी, त्या माणसाने या वर्षी केलेली एक गोष्ट आणि तिचं पुढे काय झालं, खाली जिच्याशी त्याचा रोजचा संबंध येतो त्या स्टाफची सही, अध्यक्षांची नको. दिवसाला पाच लिहिलीत तर बारा दिवस लागतील. एखाद्याबद्दल लिहायला काही सुचलंच नाही तर कार्ड कोरं बाजूला ठेवा आणि आधी त्याच्या कामावर एक दिवस जाऊन बसा, मग लिहा, आमच्याकडे पहिल्या वर्षी अशी १९ कार्डं कोरी राहिली होती. पत्ते आत्ताच तपासून घ्या, निम्मे जुने निघतात. आणि पोस्टकार्डं आधीच आणून ठेवा, आम्हाला दोन पोस्टांत "संपलीत" असं उत्तर मिळालं होतं, तिसऱ्या ठिकाणी मिळाली.